एका बोल्टाची मजुरी

‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत सुलेखनाच्या वहीत गिरवलेले आहे. पण युक्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बिरबल उभा राहतो. हात काळ्या तेलाने माखलेला मोटार-मिस्त्री उभा राहत नाही. कला महाविद्यालयाच्या वार्षिकात गंजलेल्या बोल्टावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. तो पडतो, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

मोटारीला नवा भाग बसवणे त्या मानाने सोपे. खरी कसोटी लागते ती जुना भाग काढताना. सायलेन्सरच्या जोडावरचे नट वर्षानुवर्षे तापतात, निवतात, पावसात भिजतात. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली बारीक फट तो भरून टाकतो आणि दोघांना जखडून ठेवतो. आमच्या कोकणात खारी हवा या कामाला हातभारच लावते. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलेला असेल आणि तिथे ओल शिरली, तर दोन धातूंमध्ये रासायनिक झटापट सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजते व आट्यांत पांढरी भुकटी साठते.

अशा बोल्टापुढे नवशिक्याला एकच उपाय सुचतो, तो म्हणजे जोर. पान्याला लांब पाईप लावायचा आणि अंगाचा भार टाकायचा. मग बोल्टाच्या कडा गोल होतात, नाहीतर डोकेच तुटून हातात येते. अर्ध्या तासाचे काम दिवसभराचे होते. तुटलेल्या बोल्टाच्या बरोबर मध्यावर भोक पाडून, उलट्या आट्यांचे हत्यार घालून तो काढावा लागतो. ते कठीण पोलादी हत्यार आत मोडले, तर साधे ड्रिलही तिथे चालत नाही!

सुट्टीत मी माझ्या मामांच्या गॅरेजात असतो. तिथे हे काम कोणत्या क्रमाने होते ते मी नीट पाहिले आहे. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे. आदल्या संध्याकाळी तेल सोडून रात्रभर मुरू द्यायचे. सकाळी हातोडीचे बेताचे ठोके द्यायचे, म्हणजे गंजाची पकड तडकते आणि तेल आत उतरते. मग नेमक्या मापाचा सहा कोनांचा गोटी पाना लावायचा आणि बोल्ट सैल करण्याआधी किंचित आवळायचा! सुटला की अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा परत आत, पुन्हा तेल. एवढ्याने भागले नाही तर गॅसची आच. पोलाद तापल्यावर जितके फुगते त्याच्या सुमारे दुप्पट ॲल्युमिनियम फुगते. म्हणून तिथे आच बोल्टाला नव्हे, भोवतालच्या भागाला द्यायची. पण जवळ पेट्रोलची नळी किंवा ब्रेकचा रबरी पाईप असेल तर ज्योत पेटवायचीच नाही. शेवटचा उपाय छिन्नीचा. नट फोडायचा आणि इंजिनातला स्टड वाचवायचा, कारण नट काही रुपयांत मिळतो.

हा क्रम पाहावा. कमी नुकसानीच्या उपायापासून जास्त नुकसानीच्या उपायाकडे, आणि जे पुन्हा जोडता येणार नाही ते सर्वांत शेवटी. मिस्त्रीचे लक्ष सतत हाताच्या जाणिवेकडे असते. बोल्ट करकरला तर तो सुटतो आहे. करकर न होता मऊ लागून वळू लागला तर तो पिळवटतो आहे आणि तिथेच थांबायला हवे. निरीक्षण, अनुमान, तारतम्य यांहून वेगळे असे आपण वर्गात तरी काय शिकतो?

तरीही गाडीचा मालक हमखास विचारतो, “एक बोल्ट काढायचे एवढे पैसे?” त्याचेही खोटे नाही. त्याला दिसतो फक्त सुटलेला बोल्ट. काम जितके उत्तम, तितके ते कमी दिसते. न तुटलेल्या बोल्टाचे बिल कसे लावणार? उलट जो मिस्त्री बोल्ट तोडतो आणि मग दिवसभर घाम गाळतो, त्याची मजुरी आपल्याला रास्त वाटते. आपण घामाला पैसे देतो, बुद्धीला नाही. माझी तक्रार आहे ती इथे.

ही तक्रार नवी नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावे असे म्हटले आहे. विचार चांगलाच, पण तो मुलांपुरता का थांबावा? आपण तर ‘कला’ शाखेचे विद्यार्थी. प्राचीनांच्या चौसष्ट कलांच्या यादीत गायन-नृत्याच्या पंक्तीला सुतारकाम आणि धातूंची विद्याही बसलेली होती. त्या पंक्तीतून तिला उठवले कोणी?

प्रत्येकाने मिस्त्री व्हावे असे माझे म्हणणे नाही. ज्याचे काम त्याने करावे, हे प्राध्यापकांचे म्हणणे मला मान्य आहे. पण दुसऱ्याचे काम ओळखता येणे हे तर सुशिक्षिताचे लक्षण ना? म्हणून एक साधी सूचना करतो. आपल्या वाङ्मय मंडळाने पुढच्या वर्षी व्याख्यानमालेत एका मोटार-मिस्त्रीला बोलवावे, टेबलावर एक जाम झालेला नट-बोल्ट ठेवावा आणि त्यांना बोलू द्यावे. हार-श्रीफळ नसले तरी चालेल. मानधन मात्र इतर वक्त्यांइतकेच द्यावे, आणि घासाघीस करू नये.