पेटंटच्या भीतीने घरचं बी टाकू नका

कंपनीचं बी घरी राखलं तर पेटंटची केस होते, असं कुणी सांगितलं तर लगेच घाबरू नका. तसं घडलंय, पण अमेरिकेत. इंडियानाच्या व्हर्नन बोमन या शेतकऱ्याने कोठारातलं सोयाबीन विकत आणून पेरलं आणि त्यातलंच पुढच्या वर्षाला राखलं. त्यातल्या जनुकावर मोन्सॅन्टो कंपनीचं पेटंट होतं. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

आपल्याकडे बियाण्याला आणि वाणाला पेटंट मिळत नाही. वाणांसाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. नोंदणी झालेल्या वाणाचंही बी तुम्ही राखा, पेरा, शेजाऱ्याला द्या, विका. फक्त त्या वाणाचं नाव छापलेल्या पिशवीत भरून विकू नका.

तरीही नोटीस आली तर? २०१९ मध्ये पेप्सिकोने गुजरातेत चिप्सच्या बटाट्यावरून चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी १ कोटी ५ लाखांचा दावा लावला. तो बटाटा जनुक बदललेला नव्हता, पण वाणांचा कायदा हाच. शेतकरी संघटना उभ्या राहिल्या आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. म्हणून घाईने कशावर सही करू नका. तडजोड म्हणून काही लिहून देऊ नका. तालुका विधी सेवा समितीत जा, मोफत वकील मिळेल का विचारा.

कपाशीचं मात्र वेगळं आहे. बीटीची सरकी राखून पेरू नका. आपल्याकडची बहुतेक बीटी संकरित असते. पुढच्या वर्षी झाडं एकसारखी येत नाहीत, अळी रोखणारा गुणही सगळ्या झाडांत उतरत नाही. म्हणजे कायद्याने मोकळे, तरी दर जूनला दुकानात उभे. माझ्या मते शेतकरी खरा अडकतो तो इथे.

दुकानात जायचंच तर पक्कं बिल घ्या. त्यावर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्या. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं, त्यावर एक रुपया देऊ नका. बीटी तंत्रज्ञानाचं शुल्क तर सरकारने २०२० मध्येच शून्यावर आणलं. रिकामं पाकीट, टॅग आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपा.

बी उगवलं नाही तर शेत मोडू नका. आधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या, पंचनामा होऊ द्या. मग ग्राहक आयोगातही जाता येतं. शेतकरी हा ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलंय.

चोरबीटी कपाशीचा मोह मला कळतो. निंदणीला माणूस मिळत नाही, आणि तणनाशक मारूनही ही कपाशी उभी राहते. पण तिला मंजुरी नाही, म्हणून बिल नाही. फसलात तर दाद कुणाकडे मागणार?

सोयाबीनचं बी मात्र घरचं जरूर राखा. जनुक बदललेल्या सोयाबीनला आपल्याकडे लागवडीची परवानगीच नाही, आणि सरळ वाण पुढच्या वर्षी तसाच येतो. मळणी हळू करा, साल फार नाजूक असते. पोती उंच रचू नका, आपटू नका. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७० किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या मापाने पेरा. थोडे कमी उगवले तर बी वाढवा. फारच कमी असतील तर ते बी विकून टाका आणि दुसरं बघा.