शाळेचा पैसा गावात आला, निर्णय कुठे आहे?

१९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अकरावी अनुसूची आली. पंचायतींकडे सोपवता येतील अशा तिच्यातल्या २९ विषयांत प्राथमिक आणि माध्यमिक शाळाही आहेत. म्हणजे कागदावर तरी गावची शाळा गावाची झाली. पण सोबत पैसा आणि अधिकार आले का?

पंधराव्या वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीच्या खात्यात आला, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र २०२१ ते २०२६ साठी त्यातला ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. उरलेल्या ४० टक्क्यांत रस्ते, दिवे आणि शाळा. त्यातून पगार देता येत नव्हता. त्यामुळे पंचायत शाळेला रंग देऊ शकते, रिकाम्या जागेवर शिक्षक नेमू शकत नाही. शिक्षक येणार राज्याच्या पवित्र पोर्टलवरून. दोन शिक्षकी उर्दू शाळेत एक जागा रिकामी राहिली की चारही वर्ग एकाच्या गळ्यात पडतात.

मग सगळेच अधिकार गावाला द्यावेत का? इथे थोडे थांबावे लागेल. निर्णय जितका जवळ येतो, तितकी गावातली उतरंडही त्यात उतरते. ज्या गावात उर्दू शाळेची मुले पंचवीस आणि मतदार हजार, तिथे त्या शाळेच्या छपराची आठवण कोणाला येणार? आदिवासी पाड्यावरच्या शाळेचेही तेच.

केरळने १९९६च्या लोकनियोजन मोहिमेत राज्याच्या योजना निधीचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना दिला, पण शिक्षकांचे पगार राज्याकडेच ठेवले. मला ही विभागणी योग्य वाटते. शिक्षक आणि किमान सोयी ही राज्याची हमी असावी. त्यापुढचे गावाने ठरवावे, आणि त्यासाठी पुरेसा अबंधित निधी द्यावा.

तोवर आपल्या हातात काहीच नाही, असे मात्र नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के जागा पालकांना दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या महिला असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा तीच करते. किती मोहल्ल्यांत हा आराखडा पालकांनी वाचला आहे? जलशाला आपण गर्दी करतो, ग्रामसभेला पाठ फिरवतो. शाळेचे छप्पर ग्रामसभेच्या ठरावात लिहिले गेले नाही, तर ते पंचायतीच्या खर्चातही दिसणार नाही.