नाव ठेवलं, नावं ठेवली

मराठीत एका अनुस्वारानं केवढा घोळ होतो बघा. लोक बारशाला येतात ते बाळाचं नाव ठेवायला, आणि परत जातात ते नावं ठेवून! मागच्या महिन्यात परभणीत हा कार्यक्रम मी लाइव्ह पाहिला.

माझ्या दादा-वहिनीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण म्हणून वहिनी माहेरी, परभणीला. आणि मी आत्या, म्हणजे बारशाची व्हीआयपी. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा, त्याबद्दल पाठीत गुद्दे खायचा मानही माझाच. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सकाळी पोचले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वहिनीकडून लग्नापासून ऐकतेय, त्यामुळे पाहुणचार जोरदार होणार याची खात्री होती. चहाचा पहिला घोट घेत विचारलं, ‘मग, नाव काय ठरलं?’

‘शिरीष.’

‘अगं, पण मुलगी झालीये ना?’ माझ्या तोंडून निघूनच गेलं. मास कॉमची डिग्री, जेंडरवर चार लेख लिहिलेली मी! आणि पहिली रिअ‍ॅक्शन ही.

खरं तर शिरीष म्हणजे फूल. उन्हाळ्यात झाडभर फुलणारं, पावडर-पफसारखं नाजूक. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त बायका ते कानात घालतात. पण शिरीष म्हटलं की आपल्याला सिनेमा-क्रिकेटवर खुसखुशीत लिहिणारे शिरीष कणेकर आठवतात. आचार्य अत्र्यांची लेक, मराठीत हायकू रुजवणाऱ्या कवयित्री शिरीष पै (१९२९-२०१७) जरा उशिरा आठवतात. अशी नावं मराठीत कमी नाहीत. ‘दुनियादारी’ लिहिणारे सुहास शिरवळकर आणि अभिनेत्री सुहास जोशी. विकेटकीपर किरण मोरे आणि १९७२ मध्ये देशातल्या पहिल्या महिला आयपीएस अधिकारी झालेल्या किरण बेदी. ‘हमारी याद आएगी’ (१९६१) या सिनेमाचे संगीतकार स्नेहल भाटकर यांचं मूळ नाव वासुदेव. त्यांनी ‘स्नेहल’ घेतलं ते स्नेहलता या लेकीच्या नावावरून. म्हणजे बाबानं लेकीचं नाव लावलं! युनिसेक्स नाव ही काही काल-परवा मॉलमध्ये आलेली फॅशन नाही.

फक्त मराठीत हे झाकून राहत नाही. ऑफिसच्या इंग्रजी मेलमध्ये ‘किरण विल कॉल यू’ म्हटलं की काम भागतं. मराठीत फोन लावा, ‘किरण आला का?’ की ‘किरण आली का?’ पहिल्याच वाक्यात क्रियापद अडवतं. समोरचा गोंधळतो आणि आपल्या गोंधळाचा राग नावावर काढतो. बारशालाही तेच चाललं होतं. ‘रेशनकार्डावर पोरगा लावतील.’ ‘कॉलेजात हॉस्टेल मुलांचं मिळेल.’ ‘लग्नपत्रिकेत दोन नवरदेव दिसतील!’ हशा. अकरा दिवसांच्या बाळाचं लग्नसुद्धा लावून मोकळे.

दुपारी वहिनीपाशी बसले. म्हटलं, ‘विचार तुमचे, पण आयुष्यभर ‘मिस्टर शिरीष’ म्हणून येणारी पत्रं तिलाच दुरुस्त करावी लागणार. तिला कशाला त्रास?’

वहिनी शांतपणे म्हणाली, ‘हे नाव आम्ही पाचव्या महिन्यात ठरवलं होतं. जे बाळ येईल त्याचं.’

आपल्याकडे बाळ मुलगा की मुलगी हे जन्माआधी कळत नाही, कळूही नये. महाराष्ट्रानं त्यासाठी १९८८ मध्येच कायदा केला, देशानं १९९४ मध्ये. कारण उघड आहे. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८९४. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात ‘नकुसा’, ‘नकोशी’ अशा नावांच्या २८५ मुलींचं पुन्हा बारसं झालं होतं. नाव म्हणजे नुसतं लेबल नसतं, ते त्या मुलींना विचारा.

‘सगळ्यांना तेव्हा शिरीष आवडलं होतं,’ वहिनी म्हणाली. ‘किती छान, किती वेगळं! मुलगी झाली आणि सगळे म्हणायला लागले, आता दुसरं बघा. म्हणजे सगळे वाट कोणाची बघत होते? आज नाव बदललं, तर ते नाव मुलासाठीच राखून ठेवलं होतं असा त्याचा अर्थ होईल. मला माझ्या लेकीला हे सांगायचं नाहीये.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पत्रं दुरुस्त करावी लागणार हे खरंच आहे. पण ती आपण नीट लिहायला शिकलो तर? त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आपल्या राज्यात स्वतःच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. शिरीषच्या नावाला लागून वहिनीचंच नाव असणार आहे. मस्त जोडी!

उरली होती वहिनीची आजी. गंगाखेडची, म्हणजे थेट जनाबाईच्या गावची. गुडघे दुखेपर्यंत वारी केलेली. सकाळपासून एकच घोषा, ‘पोराचं नाव पोरीला कामून?’ संध्याकाळी पाळणा सजला तेव्हा वहिनीनं हळूच विचारलं, ‘आजी, तू विठोबाला काय म्हणतेस गं?’

‘विठाई. माउली.’

‘आणि वारीत गड्यांना?’

‘माउलीच की.’ आजी थांबली. आपण कुठे अडकलो ते तिच्या लक्षात आलं. पदर सारखा करत म्हणाली, ‘लई शिकली गं तू.’ मला म्हणाली, ‘सांग मग कानात. उगं लेकराला कामून ताटकळवते?’

मी सांगितलं. गुद्देही खाल्ले. आजीचा सगळ्यात जोरात होता.

निघताना गेटपाशी शेजारच्या काकू भेटल्या. त्यांच्या कानावर फक्त नाव गेलं होतं. ‘शिरीष ठेवलं म्हणे? नातीला पोरगा झाला वाटतं!’

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ओट्यावरून आजीच बोलली.

‘पोरगा नाही बाई. शिरीष झाली.’