दोष सुईचा की उशिराचा?

‘गाठीला सुई लावू नका, कॅन्सर भडकतो’ हा सल्ला विदर्भात डॉक्टरांच्या आधी रुग्णापर्यंत पोहोचतो. नागपुरात मेडिकल, तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, जामठ्याचे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट अशा सोयी आहेत. तरीही या भीतीपोटी कित्येक जण बायोप्सी टाळून महिनोन्‌महिने लेप आणि काढे करत बसतात.

ही भीती अगदीच निराधार नाही. सुईच्या मार्गात पेशी राहून तिथे गाठ उगवल्याच्या नोंदी आहेत. यकृताच्या कॅन्सरमध्ये हे प्रमाण अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता सुमारे २.७ टक्के आढळले. इतर बहुतेक अवयवांत ते फारच विरळ आहे. म्हणूनच सिरॉसिसच्या रुग्णाच्या यकृतातील गाठ सीटी किंवा एमआरआयवर स्पष्ट ओळखू आली, तर बायोप्सीशिवाय निदान करता येते. अंडकोषातील संशयित गाठीला सहसा सुई लावत नाहीत. हाडाच्या सार्कोमात सुई कुठून घालायची, हे पुढची शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर ठेवून ठरवतात. धोका ओळखूनच हे नियम केलेले आहेत.

मग समज टिकतो कशामुळे? गाठ दिसते, तीन-चार महिने जातात, नंतर बायोप्सी होते आणि थोड्याच दिवसांत आजार पसरल्याचे कळते. नातेवाईक सुईला दोष देतात; आधी वाया गेलेले महिने कुणी मोजत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने (आपल्या ‘मेयो’शी फक्त नावाचे साम्य) स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या दोन हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेपूर्वी सुईने तपासणी झालेल्यांचे आयुष्य त्यात घटलेले दिसले नाही.

खर्रा खाणाऱ्याच्या मानेत गाठ आली, तर ती कॅन्सरची असू शकते, तशीच क्षयाचीही. क्षयाची गाठ औषधांनी बरी होते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोनविरोधी गोळ्या लागू पडतील का, हेही बायोप्सीच्या तुकड्यावरूनच कळते. तपासणीविना उपचार म्हणजे अंधारात बाण मारणे.

डॉक्टरांनीही संमतीपत्रावर नुसती सही घेऊ नये. धोका किती आणि फायदा कोणता, हे मराठीत समजावून सांगावे. रुग्णाने ‘या अहवालाने उपचारात काय बदलेल?’ असे जरूर विचारावे. समाधानकारक उत्तर मिळाले, की मात्र तारीख पुढे ढकलू नये.