स्टिअरिंगखालची खिटी

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात जुनी मोटार घेणारा माणूस टायर दाबून बघतो, बॉनेट उघडतो आणि भावावर येतो. स्टिअरिंगखालच्या छोट्या खिटीकडे लक्ष कोणाचे?

ती सोडली की स्टिअरिंग वर-खाली होते, काही गाड्यांत पुढे-मागेही. आवळली की आडवा बोल्ट ब्रॅकेटच्या दोन्ही पट्ट्या कॉलमवर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावर, दाबून धरतो. बऱ्याच गाड्यांत सगळी भिस्त या घर्षणावर. काहींत जोडीला दाते असतात. नट सैल पडला, तर खड्ड्यात आदळताच चाक हातातल्या हातात खाली बसते. आणि खड्डे आपल्याकडे शोधावे लागत नाहीत.

जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. ती छातीच्या रोखाने फुगायची, तर कॉलम जागेवर हवा आणि छाती चाकापासून किमान २५ सेंटिमीटर दूर.

खासगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण १५ वर्षांनी. तोवर सक्तीची तपासणी फक्त पीयूसीची. निदान मालकी बदलताना तरी ही खिटी तपासणे बंधनकारक करावे. लागतो मिनिटभर: गाडी उभी ठेवून खिटी आवळायची, चाक दोन्ही हातांनी रेटायचे. हलले, तर आधी मिस्त्री, मग व्यवहार.