ताटात काय पडतं, ते ग्रामसभेला सांगा

शहादा-तळोद्याच्या मळ्यात मजुरीला गेलेल्यांनी व्हायरस लागलेली पपई पाहिलीय. पानं आकसतात, बाग जाते, आपली मजुरी बुडते. उद्या यावर कोणी जनुक बदललेली पपई घेऊन आलं, तर काय विचारायचं ते आजच ठरवू.

अमेरिकेच्या हवाई बेटांवर १९९८ पासून अशी 'रेनबो' पपई लावतात. तिच्यात त्याच व्हायरसच्या कवचाचं जनुक घातलंय, म्हणून रोग लागत नाही. ती विषारी आहे, अशी अफवा आपण पसरवायची नाही. रोगट पपईतून ते कवच माणसं आधीपासून खातच आलीत.

पण एक फळ तपासलं म्हणजे सगळी फळं पास झाली का? दर वाणाची तपासणी वेगळी हवी. जीवनसत्त्वं तेवढीच आहेत का? नवं प्रथिन पचतं का? कोणाच्या अंगावर उठतं का? जपानने रेनबोला २०११ मध्ये परवानगी दिली, तीही फळावर तसं लिहायच्या अटीवर. जपानी गिऱ्हाइकाला जे कळतं, ते आपल्या अंगणवाडीतल्या पोराच्या आईला का कळू नये?

बीटी वांग्याला सरकारी समितीने होकार दिला होता. लोक बोलले, म्हणून फेब्रुवारी २०१० मध्ये ते थांबलं. पण सुनावण्या झाल्या सात शहरांत. जंगलातल्या गावात एकही नाही!

म्हणून आपली मागणी:
१) तपासणीचे कागद ग्रामसभेत भिली-पावरीत वाचा.
२) फळावर आणि बियाण्यावर स्पष्ट लिहा.
३) बी राखायचा हक्क २००१ च्या कायद्याने दिलाय, त्याला हात लावू नका.

आमचं जंगल, आमचं बी, आमचं ताट!