वडिलांची परवानगी आणि मुलींचे मैदान

काही चित्रपट पाहून प्रेक्षक प्रसन्न मनाने घरी जातो, आणि त्या प्रसन्नतेमुळेच चित्रपटाने उभे केलेले प्रश्न चित्रगृहातच मागे राहतात. गुरिंदर चढ्ढा यांचा 'बेंड इट लाइक बेकहॅम' हा २००२ साली इंग्लंडमध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट अशा चित्रपटांपैकी एक आहे. पश्चिम लंडनमधील हाउन्स्लो भागात, हीथ्रो विमानतळावर उतरणाऱ्या विमानांच्या घरघराटाखाली राहणाऱ्या एका शीख कुटुंबातील मुलगी फुटबॉल खेळू इच्छिते आणि अखेरीस खेळते, एवढीच त्याची कथा. देशोदेशींच्या प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. दोन दशकांहून अधिक काळ लोटल्यावरही 'मुलीने खेळ आणि घर यांचा मेळ कसा घालावा' याचा आदर्श नमुना म्हणून त्याचा दाखला दिला जातो. हा दाखला कितपत खरा, हे तपासून पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

जेसमिंदर भामरा ही कथेची नायिका. बेकहॅमचे चित्र भिंतीवर लावून त्याच्याशी मनातले बोलणारी ही मुलगी बागेत मुलांबरोबर चेंडू खेळत असताना जूल्स नावाची इंग्रज मुलगी तिला पाहते आणि मुलींच्या संघात घेऊन जाते. घरी मोठ्या बहिणीच्या लग्नाची धामधूम चालू आहे. मुलीला पंजाबी स्वयंपाक नीट यावा, तिने उघड्या पायांनी चारचौघांत धावू नये, शिकून वकील व्हावे, अशी आईवडिलांची इच्छा आहे. मग चोरून खेळणे, पकडले जाणे, बंदी, पुन्हा चोरून खेळणे असा क्रम चालतो. अंतिम सामना नेमका बहिणीच्या लग्नाच्या दिवशी येतो. मुलीचा उतरलेला चेहरा पाहून वडीलच तिला जाण्याची परवानगी देतात. ती खेळते, गोल करते, अमेरिकेतील विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवते, आणि विमानतळावरील निरोपाने कथा संपते.

पुरोगामी वर्तुळात अशा चित्रपटांना 'निव्वळ लोकरंजन' म्हणून नाक मुरडण्याची एक जुनी खोड आहे. ती सोडली पाहिजे. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी, या मागणीसाठी कामगार चळवळीने रक्त सांडले. त्यातील शेवटचे आठ तास वाचनासाठी, गाण्यासाठी आणि खेळण्यासाठीही होते. चेंडूमागे धावणाऱ्या मुलीचा आनंद ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. ज्या देहाकडे समाज केवळ श्रमाचे, प्रसूतीचे आणि अब्रूचे साधन म्हणून पाहतो, तो देह ती मुलगी काही काळापुरता स्वतःचा करून घेते. पडद्यावर हा आनंद निखळपणे उतरला आहे, ही चित्रपटाची मोठीच जमेची बाजू होय.

दुसरी जमेची बाजू याहून महत्त्वाची आहे. अनुपम खेर यांनी रंगविलेला पिता हा ठोकळेबाज जुलमी बाप नाही. नैरोबीत असताना तो नावाजलेला वेगवान गोलंदाज होता. इंग्लंडमध्ये आल्यावर मात्र तेथील क्लबांनी त्याच्या पगडीची टिंगल करून त्याला परत पाठविले, आणि त्याने चेंडूला पुन्हा हात लावला नाही. आपल्या वाट्याला आलेला अपमान मुलीच्या वाट्याला येऊ नये, ही त्याच्या बंदीमागची खरी प्रेरणा आहे. त्याची भीती निराधार नसते. मैदानावर प्रतिस्पर्धी मुलगी जेसला 'पाकी' ही शिवी देते, जेस तिला ढकलते, आणि लाल कार्ड मात्र जेसलाच मिळते. ज्या गोष्टीला बाहेरचे जग 'पूर्वेकडील परंपरा' म्हणते, तिच्या पोटात पुष्कळदा पश्चिमेने केलेली जखम दडलेली असते, हे सत्य इतक्या सोप्या रीतीने मांडणारे चित्रपट थोडे आहेत.

घराच्या अब्रूचे अर्थकारणही चित्रपटाने अचूक टिपले आहे. बसथांब्यावर जेस आणि जूल्स यांना एकत्र पाहून भावी सासरच्या मंडळींचा गैरसमज होतो, आणि मोठ्या बहिणीचे ठरलेले लग्न मोडते. एका मुलीच्या वागणुकीची किंमत दुसरीने मोजायची, हा अब्रूचा कायदा आहे. परक्या देशात ज्यांना सरकारदरबारी आणि शेजारीपाजारी पत नाही, त्यांच्यापाशी बिरादरीतील पत हीच एक पुंजी उरते, आणि ती पुंजी मुलींच्या अंगावर ठेवली जाते. मात्र हा रोग एका जमातीपुरता नाही. जूल्सच्या सुखवस्तू इंग्रज घरातही आईला हीच चिंता लागलेली आहे की, चेंडूच्या नादी लागलेल्या मुलीला कोण तरुण पत्करणार? परंपरेचे जोखड केवळ गौरेतरांच्याच मानेवर असते, या पाश्चात्त्य समजुतीला चित्रपट येथे हसतखेळत धक्का देतो.

एवढे सर्व मान्य केल्यावरही शेवटाचा प्रश्न उरतोच. जेसची सुटका कशाने होते? वडिलांच्या मनात दया उपजल्याने, आणि परदेशी विद्यापीठाचा प्रतिनिधी नेमका त्या सामन्याला हजर असल्याने. अंतिम सामन्यात फ्री किक घेताना तिच्या डोळ्यांसमोर लग्नाच्या पोशाखातील आई, बहीण आणि मावश्या भिंत करून उभ्या राहतात, आणि ती चेंडू वळवून त्यांच्या बाजूने जाळ्यात धाडते. प्रसंग मोठा बोलका आहे. पण चेंडू भिंतीला वळसा घालून गेला, भिंत जागच्या जागी राहिली. पुढच्या मुलीला पुन्हा तीच भिंत, पुन्हा तोच वळसा. आणि जिच्या वडिलांना पाझर फुटणार नाही, जिच्या पायात बेकहॅमची कला नाही, जिला केवळ खेळावेसे वाटते, तिने काय करायचे? ज्या स्वातंत्र्यासाठी असामान्य गुणवत्ता आणि दयाळू पिता या दोन्हींची अट आहे, ते स्वातंत्र्य नसून बक्षीस आहे.

शिवाय ज्या अमेरिकेकडे दोघी मुली डोळे लावून बसतात, तेथील विद्यापीठांत मुलींना खेळाची शिष्यवृत्ती मिळते ती काही त्या देशाच्या उदारपणामुळे नव्हे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणारा कायदा तेथे १९७२ साली झाला, तो स्त्रीमुक्ती चळवळीच्या रेट्यामुळे. याउलट, २००१ साली सुरू झालेली आणि जूल्सच्या स्वप्नातील ती व्यावसायिक महिला फुटबॉल साखळी चित्रपट आल्यानंतर दीड वर्षातच, सप्टेंबर २००३ मध्ये, पैशाअभावी बंद पडली. कायद्याने दिलेले टिकले, बाजाराने दिलेले बाजाराने काढून घेतले. या घटनेतील धडा पुरेसा स्पष्ट आहे.

इंग्लंडमधील मुलींच्या मैदानाचा इतिहास तर याहून उद्बोधक आहे, आणि चित्रपटात त्याचा मागमूस नाही. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत आल्या. प्रेस्टन येथील डिक, कर कंपनीच्या कामगार स्त्रियांनी १९१७ साली फुटबॉलचा संघ उभारला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहण्यास ५३,००० प्रेक्षक जमले होते. हे सामने जखमी सैनिकांसाठी निधी गोळा करीत. १९२१ साली खाणमालकांनी टाळेबंदी पुकारली तेव्हा खाणकामगारांच्या उपाशी कुटुंबांसाठीही महिलांचे सामने झाले. त्याच वर्षाच्या ५ डिसेंबरला इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे सांगून आणि निधीच्या विनियोगाबद्दल शंका काढून, आपल्या सदस्य क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी जवळजवळ ५० वर्षे टिकली. संघटनेने तिच्याबद्दल माफी मागितली ती २००८ साली. प्रेस्टनच्या त्या संघातील लिली पार या खेळाडूला इंग्लंडच्या फुटबॉल गौरवदालनात स्थान मिळाले ते २००२ साली, म्हणजे हा चित्रपट आला त्याच वर्षी.

तेव्हा मुलीला मैदानापासून दूर ठेवणारा बाप केवळ पगडी घालून नैरोबीहून आला नव्हता. कोट-टोपी घालून तो लंडनच्या कचेरीत बसला होता आणि ठराव करीत होता. त्याच्या मनात दया उपजण्याची वाट पाहत मुली बसल्या असत्या, तर आजही त्या वाट पाहत असत्या. बंदी असतानाही त्या बागांत, मोकळ्या माळांवर आणि दुसऱ्या खेळांच्या मैदानांवर खेळत राहिल्या. १९६९ साली त्यांनी स्वतःची संघटना उभारली. त्यानंतरच दारे उघडली.

हाउन्स्लोला लागून असलेल्या साउथॉलचा इतिहासही असाच आहे. गुरिंदर चढ्ढा यांचा जन्म नैरोबीचा, पण त्या वाढल्या साउथॉलमध्ये, आणि त्या वस्तीने काय सोसले हे त्यांना ठाऊक आहे. जून १९७६ मध्ये गुरदीपसिंग चग्गर या १८ वर्षांच्या तरुणाची तेथे भर रस्त्यात हत्या झाली, आणि वस्तीतील तरुण संघटित झाले. २३ एप्रिल १९७९ रोजी वंशद्वेष्ट्या नॅशनल फ्रंटच्या सभेला विरोध करताना ब्लेअर पीच हे शिक्षक ठार झाले. वुल्व्हरहॅम्प्टनच्या बसकामगारांनी पगडी घालून काम करण्याचा हक्क १९६७ ते १९६९ असा लढा देऊन मिळविला. चित्रपटातील पित्याने मात्र पगडीच्या अपमानावर एकट्याने, मूकपणे, चेंडू ठेवून देऊन उत्तर दिले. अशी मूक माणसे पुष्कळ होती, हे खरे. पण सगळेच मूक नव्हते, हेही तितकेच खरे.

सर्वांत मोठी उणीव आईच्या चित्रणात आहे. ती स्वयंपाकघरात दिसते, लग्नाच्या खरेदीत दिसते, मुलीला दटावताना दिसते. परंतु तिच्या पिढीतील असंख्य आशियाई स्त्रिया त्या वेळी कारखान्यांत राबत होत्या. ऑगस्ट १९७६ मध्ये उत्तर लंडनच्या ग्रनविक छायाचित्र कारखान्यातील स्त्रियांनी जयाबेन देसाई यांच्या नेतृत्वाखाली पुकारलेला संप जवळजवळ दोन वर्षे चालला. तो हरला, पण साडी नेसलेली स्त्री निमूट असते हा समज त्याने कायमचा पुसून टाकला. ऑगस्ट २००५ मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर तीनच वर्षांनी, हीथ्रोवरील विमानांना अन्न पुरविणाऱ्या गेट गुरमे कंपनीने सुमारे ६७० कामगारांना काढून टाकले. त्यांत पंजाबी स्त्रियांचा भरणा मोठा होता. त्यांच्या पाठिंब्यासाठी विमानतळावरील कर्मचाऱ्यांनी काम थांबविले आणि हीथ्रोवरील विमानसेवा विस्कळीत झाली. ज्या विमानांची घरघर चित्रपटभर ऐकू येते, त्या विमानांतील जेवणाची ताटे जेसच्या आईसारख्याच बायका भरीत होत्या. त्या आईला मुलीची शत्रू म्हणून नव्हे, सहकारी म्हणून पाहता आले असते.

जमातीची एकजूट आणि मुलीचे स्वातंत्र्य यांत विरोध आहे, तेव्हा एकीसाठी दुसरे सोडा, असा उपदेश वारंवार केला जातो. १९७९ साली स्थापन झालेल्या 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' या स्त्रियांच्या संघटनेने तो मानला नाही. रस्त्यावरील वंशद्वेषाशी आणि घरातील मारहाणीशी तिने एकाच वेळी झुंज घेतली. बाहेरचा शत्रू दारात आहे म्हणून आतला अन्याय झाकून ठेवण्यास तिने नकार दिला, आणि आतला अन्याय दाखवून बाहेरच्या शत्रूला आयते हत्यारही दिले नाही. हा मार्ग वडिलांच्या परवानगीपेक्षा खडतर आहे. पण त्यावरून चालणाऱ्या स्त्रियांमागे आणखी कोणी चालू शकते.

३१ जुलै २०२२ रोजी इंग्लंडच्या महिला संघाने वेम्ब्ले येथे ८७,१९२ प्रेक्षकांसमोर युरोपीय अजिंक्यपद मिळविले. शतकापूर्वीच्या बंदीला ते सणसणीत उत्तर होते. परंतु त्या दिवशी मैदानात उतरलेल्या पहिल्या ११ खेळाडूंत एकही कृष्णवर्णी वा आशियाई वंशाची मुलगी नव्हती. पडद्यावरच्या जेसला जग ओळखते, प्रत्यक्षातल्या जेसला संघात जागा मिळालेली नाही. एका मुलीच्या गोड कथेने मैदान सर्वांचे होत नाही, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

हा चित्रपट जरूर पाहावा, मुलींना बरोबर घेऊन पाहावा आणि मनसोक्त हसावे. मात्र घरी परतताना प्रत्येकाने स्वतःच्या घराकडेही पाहावे. सभेत स्त्रीपुरुष समतेचा ठराव मांडणाऱ्या कार्यकर्त्याची मुलगी संध्याकाळी कोठे असते? तिचा भाऊ मैदानावर असताना ती चुलीपाशी असते काय? वस्तीतील मोकळ्या जागेवर मुलींसाठी राखलेली एक तरी वेळ आहे काय, दिवा आहे काय, शिकविणारे कोणी आहे काय? या गोष्टी पित्याच्या हृदयपरिवर्तनावर सोडण्याजोग्या नाहीत. नगरपालिकेकडे, शाळेकडे आणि प्रथम स्वतःच्या घरात त्यांची मागणी करावी लागते. जेसला एका दुपारची सुट्टी मिळाली. तिच्या मागून येणाऱ्या मुलींना रोजची संध्याकाळ हवी आहे, आणि ती त्यांच्या हक्काची आहे.